छोट्या फ्रेंच एअरपोर्टवर प्रायव्हेट जेटनं जाणं : शाँबेरी की आन्सी? माहिती हवीय

किनाऱ्यावरची :

नमस्कार मंडळी. मी दुबईत एका कुटुंबाच्या ऑफिसमध्ये आहे, त्यांची तिकिटं, व्हिसा, घरं, शाळा, डॉक्टर सगळं मीच बघते. फेब्रुवारीत अख्खं कुटुंब फ्रान्समध्ये कुर्शवेलला बर्फात जाणार आहे. आजी, साहेब-मॅडम, साहेबांचे भाऊ-वहिनी, दोन मुलं आणि मुलांना सांभाळणारी फिलिपिनो मुलगी असे आठजण. चार्टर जेट, म्हणजे अख्खं विमान भाड्यानं, करायचं नक्की आहे.

जिनिव्हा आणि पॅरिसचं मला पाठ आहे, तिथं काय लागतं ते डोळे झाकून करते. पण या वेळी एक ब्रोकर म्हणतो शाँबेरीला उतरा, दुसरा म्हणतो आन्सी बरं, आणि साहेबांच्या एका मित्रानं त्यांना सांगितलंय की कुर्शवेललाच रनवे आहे, थेट हॉटेलजवळ उतरता येतं. आजींचं वय ऐंशीच्या पुढं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून गाडीचा प्रवास जितका कमी तितकं बरं. कुणी या छोट्या एअरपोर्टवर गेलंय का किंवा काम केलंय का? ब्रोकर गोड बोलतात पण नेमकं विचारलं की "होऊन जाईल मॅडम" एवढंच. मला होऊन जाईल नको, काय होणार आणि काय नाही ते हवंय.

रनवे०९ :

ताई, मी फ्लाइट ऑप्समध्ये आहे, शारजात. युरोपातल्या छोट्या एअरपोर्टची कामं रोजची आहेत म्हणून सविस्तर लिहितो, जरा लांब होईल.

पहिली गोष्ट म्हणजे मोठ्या एअरपोर्टची सवय डोक्यातून काढा. जिनिव्हाला चोवीस तास नाही तरी दिवसभर सगळं हजर असतं, इमिग्रेशन, कस्टम्स, फायर ब्रिगेड, फ्युएल, विमानावरचा बर्फ काढणारं डीआयसिंग. छोट्या फ्रेंच एअरपोर्टवर यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी माणूस ड्युटीवर असेल तर असते. जेट तुम्ही कितीही महागाचं घ्या, उतरायची वेळ ठरवणार तो एअरपोर्ट. तिथले उघडण्याचे तास, फायरची गाडी त्या वेळेला कुठल्या कॅटेगरीची आहे, बॉर्डर पोलीस आहेत का, पार्किंगला जागा आहे का. यातलं एक जरी नाही म्हणालं तरी विमान जाणार नाही.

फायर कॅटेगरीचं उदाहरण देतो कारण ब्रोकर हे कधीच सांगत नाहीत. विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरतं. फाल्कन २००० हे बिझनेस जेट घेतलं तर लांबी २० मीटरच्या थोडी वर, म्हणजे कॅटेगरी ४. एअरपोर्टवर त्या तासाला तेवढी गाडी आणि तेवढी माणसं नसतील तर चार्टरवाला ऑपरेटर तिथं उतरणार नाही. दुपारी चारला असतील आणि संध्याकाळी नसतील असंही होतं, मग आधी विनंती करून थांबवून घ्यावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे.

दुसरी गोष्ट शेंगेन. तुम्ही दुबईहून येताय म्हणजे शेंगेनच्या, एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेरून, म्हणून जिथं पहिल्यांदा चाकं टेकतील तो एअरपोर्ट अधिकृत बॉर्डर पॉइंट असायलाच हवा. फ्रान्समध्ये शेकडो धावपट्ट्या आहेत पण बाहेरच्या देशातून थेट उतरता येईल अशा त्या मानानं थोड्या, आणि त्यातल्या छोट्या ठिकाणी पोलीस-कस्टम्स मागणी केल्यावर येतात, आधी लेखी कळवून. ही मागणी हँडलर, म्हणजे एअरपोर्टवर विमानाची जमिनीवरची कामं बघणारी कंपनी, करतो. त्याच्याकडून उत्तराचा मेल आल्याशिवाय साहेबांना काहीही कन्फर्म सांगू नका. "रिक्वेस्ट पाठवली" आणि "कन्फर्म झालं" यात फार अंतर आहे.

तिसरी गोष्ट ऑपरेटर. अमिरातीचं किंवा भारताचं विमान भाडं घेऊन युरोपात आणायचं तर ऑपरेटरकडे युरोपियन एजन्सीची टीसीओ, म्हणजे बाहेरच्या देशातल्या ऑपरेटरसाठीची, परवानगी लागते. स्वतःच्या मालकीचं विमान असेल, भाडं घेत नसतील तर ही लागत नाही. ब्रोकरला सरळ विचारा, टीसीओ आहे का, नंबर पाठवा.

शाँबेरी की आन्सी यावर कॅप्टनकाका जास्त चांगलं सांगतील, ते इकडे असतात का अजून?

कॅप्टनकाका :

आहे रे बाबा. वाचत असतो.

किनाऱ्यावरची, आधी कुर्शवेलचा विषय निकालात काढू. तिथं रनवे आहे हे खरं. लांबी ५३७ मीटर, उतार १८.६ टक्के, आणि समुद्रसपाटीपासून २००८ मीटर उंच. डोंगराच्या अंगावर डांबराची पट्टी टाकलीय, मधोमध उतार वाढत जातो. चढाच्या दिशेनं उतरायचं आणि उताराच्या दिशेनं उडायचं. समोर डोंगर असल्यामुळं एका ठराविक ठिकाणाच्या पुढं आलं की परत वर उचलून दुसरा प्रयत्न करायची सोय नाही, उतरावंच लागतं. इन्स्ट्रुमेंट अप्रोच नाही, डोळ्यांनी बघूनच यायचं, म्हणजे ढग आले की बंद. पायलटला फ्रान्सचं डोंगराळ उड्डाणाचं वेगळं क्वालिफिकेशन किंवा त्या एअरपोर्टची परवानगी लागते.

जेट तिथं का नाही हे साहेबांना असं सांगा. पंख्याच्या विमानाला थ्रॉटल पुढं केला की लगेच ताकद मिळते आणि उतरल्यावर पंखा उलटा करून पटकन थांबता येतं. जेटला वेग जास्त, धाव जास्त, इंजिन वर यायला वेळ लागतो. ५३७ मीटरमध्ये बिझनेस जेटचं गणित बसतच नाही. पूर्वी तिथं डॅश ७ सारखी चार पंख्यांची विमानं यायची, आता लहान विमानं आणि हेलिकॉप्टर. मित्र बहुतेक हेलिकॉप्टरनं गेले असतील.

आता आन्सी. रनवे १६३० मीटर. कागदावर बघितलं तर बऱ्याच जेटला पुरेल असं वाटतं. पण युरोपच्या नियमाप्रमाणे भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या जेटला उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे, पंख्याच्या विमानाला ७० टक्क्यांत. १६३० चे ६० टक्के म्हणजे ९७८ मीटर. रनवे ओला असेल तर अजून १५ टक्के राखून ठेवायचे, म्हणजे हातात राहिले साधारण ८५०. फेब्रुवारीत आल्प्समध्ये ओला रनवे धरूनच चालायचं. बर्फ साचला असेल तर गणित आणखी कडक. तेच विमान, तोच रनवे, पण मालक स्वतः खाजगी म्हणून येत असेल तर ६० टक्क्यांचा नियम लागत नाही, म्हणून तुम्हाला कुणी म्हणेल की अमक्याचं एवढं मोठं जेट आन्सीला उतरतं की. उतरत असेल. तुमचं चार्टर आहे, तुम्हाला तो हिशोब चालणार नाही, आणि माझं मत विचाराल तर कुणालाच चालू नये. ते ४० टक्के उगाच ठेवलेले नाहीत.

शाँबेरीचा रनवे २०२० मीटर. आठजण, बर्फाचं सामान आणि दुबईहून सलग, म्हणजे जरा मोठं जेट, त्यासाठी शाँबेरीच बरं. पण तेही सोपं नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, उत्तरेला बुर्जे तलाव, विमान तलावावरून येतं. वारा उलटा असेल तर दरीत गोल फिरून दुसऱ्या बाजूनं उतरायला लागतं आणि ते प्रत्येक क्रूला जमत नाही. तिथं उतरणाऱ्या कॅप्टनला त्या एअरपोर्टचं खास ट्रेनिंग लागतं. ऑपरेटरला विचारा, त्या दिवशीच्या कॅप्टनचं शाँबेरीचं ट्रेनिंग झालंय का, आणि कॅप्टन आयत्या वेळी बदलला तर दुसऱ्याचं झालंय का.

ग्रेनोबलकरीण :

मी इथं ग्रेनोबलला बरीच वर्षं आहे, नवरा चिपच्या कंपनीत. विमानातलं मला कळत नाही पण रस्ता आणि हवा सांगू शकते.

शाँबेरी एअरपोर्ट ते कुर्शवेल शंभरेक किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर दीड तास. पण फेब्रुवारीत शनिवारी कधीही जाऊ नका, म्हणजे खरंच नका. इथं भाड्याची घरं शनिवार ते शनिवार मिळतात, फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या विभागवार पाळीपाळीनं असतात आणि इंग्लंडची अर्ध्या सत्राची सुट्टीही त्यातच येते, सगळ्या युरोपच्या गाड्या अल्बर्टव्हिल आणि मुतिएच्या एकाच दरीतून वर चढतात. दीड तासाचे चार तास होतात आणि आजी गाडीत बसून राहतील. शनिवारी शाँबेरी एअरपोर्टवर पण इंग्लंडच्या चार्टरची रांग असते. मंगळवार-बुधवार बघा.

मुतिएनंतर वळणावळणाचा घाट आहे. गाडी हॉटेलचीच मागवा, कारण १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत आणि शहरातून मागवलेल्या लिमोझिनवाल्याकडे असतीलच असं नाही, विचारून घ्या.

आणि हवा. इथं थंडीत वरच्या बाजूला ऊन आणि खाली दरीत ढग असा प्रकार फार. वर हॉटेलातून निळं आकाश दिसतं आणि खाली शाँबेरीला दोन-दोन दिवस करडं झाकण बसलेलं. हॉटेलच्या खिडकीतून बघून विमान येईल की नाही हे ठरवू नका.

किनाऱ्यावरची :

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. कॅप्टनकाका, तुमचा तो ५३७ मीटरचा परिच्छेद मी जवळजवळ तसाच साहेबांना पाठवला, त्यांचा लगेच फोन आला की ठीक आहे, विषय बंद.

म्हणजे शाँबेरी. पण हेलिकॉप्टर? शाँबेरीहून वर हेलिकॉप्टर घेतलं तर आजींची गाडी वाचेल ना?

कॅप्टनकाका :

वाचेल, अर्ध्या तासाच्या आत वर पोचतात. पण आठजण आणि सामान म्हणजे एका फेरीत होणार नाही, आणि दरीत ढग असतील तेव्हा हेलिकॉप्टरही बसूनच राहतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्या दिवशी ते नसतं. गाडी तरी बुक करून ठेवावीच लागते. आणि तरुण मंडळींना हेलिकॉप्टरनं शिखरावर उतरून तिथून स्की करायची हौस असेल तर फ्रान्समध्ये १९८५ च्या डोंगर कायद्यापासून ती बंद आहे. हेलिकॉप्टर फक्त ठरवून दिलेल्या जागीच उतरतं, कुर्शवेलचा अल्टिपोर्ट, म्हणजे तो डोंगरावरचा रनवे, त्यातला एक.

हिरवीगार_वाट :

मला वेगळं बोलायचंय आणि राग मानू नका, किनाऱ्यावरची, तुमच्यावर नाही. एक आठवड्याची मौज, आठ माणसं, त्यासाठी ताशी हजार लिटरच्या आसपास इंधन पिणारं विमान. दुबई ते शाँबेरी पाच हजार किलोमीटर, वारा समोरचा, म्हणजे साधारण सात तास. सात हजार लिटर धरा, एका लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका बाजूचे सतरा-अठरा टन. आणि हा सगळा धूर कशासाठी, तर आल्प्सचा बर्फ बघायला, जो दर दशकात कमी होतोय.

ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेनं २०२१ मध्ये हिशोब मांडला होता, प्रायव्हेट जेट माणशी साध्या विमानापेक्षा ५ ते १४ पट आणि रेल्वेपेक्षा ५० पट प्रदूषण करतं. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये यावर रान उठलं होतं. पॅरिसच्या फुटबॉल टीमनं नांतच्या मॅचला, जिथं वेगवान रेल्वे दोन तासांत जाते, जेट नेलं आणि त्यावर विचारल्यावर कोच गाल्तिए म्हणाले आम्ही वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या गाडीनं जाता येईल का बघतोय. लोक भयंकर चिडले. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनं अडीच तासांत रेल्वेनं जाता येईल अशा देशांतर्गत फ्लाइट बंद केल्या, पण त्यातही फक्त वेळापत्रकाच्या फ्लाइट. प्रायव्हेट जेटला हात लावला नाही.

दुबईहून लिऑनला एमिरेट्सची थेट फ्लाइट आहे. तिथून कुर्शवेल दोन-अडीच तास. बिझनेस क्लासमध्ये आजी आडव्या होऊन झोपू शकतात, व्हीलचेअर मिळते. जेटनं नक्की काय वाचतंय?

रनवे०९ :

हिरवीगार_वाट, माझं पोट यावर चालतं तरी तुमचे आकडे बरोबर आहेत असंच म्हणेन. त्यात एक भर घालतो. धूर फक्त प्रवासी असतानाचा मोजून चालत नाही. विमान शाँबेरीला सोडतं, तिथं ॲप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, छोटा, सीझनमध्ये आठवडाभर पार्किंग मिळत नाही, मग ते रिकामं दुसरीकडे जातं. ऑपरेटरला दुसरं काम मिळालं तर रिकामं दुबईला परत येतं आणि तुम्हाला आणायला पुन्हा रिकामं. एका ट्रिपच्या चार फेऱ्या होतात.

ताई, हे तुमच्या हातात आहे. करारात लिहून घ्या की विमान आठवडाभर जवळच उभं राहील. लिऑन-ब्राँ आहे, शहराला लागून, रनवे १८२० मीटर, तिथं बिझनेस जेटचंच काम चालतं. किंवा ग्रेनोबलचा मोठा एअरपोर्ट, १९६८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेला, रनवे ३०५० मीटर. पार्किंगचं भाडं आणि क्रूचं हॉटेल हे दोन रिकाम्या फेऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं. चौदा तासांचं इंधन वाचतं, आणि परतीच्या दिवशी विमान अर्ध्या तासावर असतं.

किनाऱ्यावरची :

हिरवीगार_वाट, राग कशाला. तुमचा लिऑनचा पर्याय मी खरंच साहेबांपुढं ठेवला, खर्चाचा तक्ता करून. भाऊ आणि वहिनींनी तो घेतला, ते एमिरेट्सनं लिऑनला येणार. आजींच्या बाबतीत मात्र मॅडम ऐकायला तयार नाहीत, मोठ्या एअरपोर्टवरचं चालणं, रांगा, त्यांना नकोय, आणि आजींना मागच्या वेळी जो त्रास झाला तो मी बघितलाय म्हणून मीही फार जोर केला नाही. म्हणजे आता जेटमध्ये सहाजण. विमान लिऑन-ब्राँला थांबवायचं करारात घातलं.

आता व्हिसाचं सांगा. कुटुंबाचे भारतीय पासपोर्ट, सगळ्यांकडे शेंगेन आहे. मुलांना सांभाळणाऱ्या मुलीचा अजून व्हायचाय. ब्रोकर म्हणतो प्रायव्हेट टर्मिनलला "थोडं फ्लेक्झिबल" असतं. असतं का?

तुलूजचा_पाहुणा :

नसतं. अजिबात नसतं. मी फ्रान्समध्येच आहे, एअरबसच्या सप्लायरकडे. प्रायव्हेट टर्मिनलला रांग नसते, सोफा असतो, पण समोर उभा असतो तो तोच बॉर्डर पोलीस. फिलिपिनो पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतोच. आणि नसला तर काय होतं बघा, कुटुंब गाडीत बसून हॉटेलला जातं आणि ती मुलगी एकटी त्या छोट्याशा खोलीत, भाषा येत नाही, पुढच्या विमानानं परत. सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर येतं ते. तिचा अर्ज सगळ्यात आधी करा आणि तिच्या फाइलमध्ये नोकरीचं पत्र, राहायची जागा, इन्शुरन्स सगळं तुमच्या ऑफिसतर्फे लावा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ईईएस ही नवी नोंदणी सुरू झालीय, पासपोर्टवर शिक्का मारायच्या ऐवजी फोटो वगैरे घेऊन कॉम्प्युटरवर. छोट्या एअरपोर्टवर दोनच पोलीस असतील तर सहाजणांना वेळ लागणार, खाली गाडीवाल्याला तेवढा वेळ सांगून ठेवा.

छोट्या एअरपोर्टवर कागद बघत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी वात्रीची आठवण करून देतो. २१ डिसेंबर २०२३, अमिरातीतल्या फुजैराहून निकाराग्वाला निघालेलं एक चार्टर एअरबस ए३४०, ३०३ प्रवासी, बहुतेक सगळे भारतीय, पॅरिसच्या पूर्वेला शॅम्पेनच्या भागात वात्री नावाच्या एअरपोर्टवर फक्त इंधन भरायला उतरलं. मानवी तस्करीच्या संशयावरून तिथंच थांबवलं. त्या एवढ्याशा टर्मिनलमध्ये लोकांच्या झोपायची सोय केली, आणि न्यायाधीश, वकील, दुभाषे तिथं येऊन एअरपोर्टवरच सुनावण्या झाल्या. २६ तारखेला पहाटे २७६ जण मुंबईत उतरले, बाकीचे बहुतेक आश्रय मागून फ्रान्समध्ये थांबले. त्यांनी कुणी फ्रान्समध्ये उतरायचं ठरवलेलंही नव्हतं. जमिनीला चाकं लागली की कायदा त्या जमिनीचा.

आणि टॅक्स विचारात घेतला का? १ मार्च २०२५ पासून फ्रान्सहून सुटणाऱ्या चार्टर जेटवर माणशी टॅक्स प्रचंड वाढवलाय. युरोपात ४२० युरो, मधल्या अंतराला १०१५, लांबच्या प्रवासाला २१००. दुबई मधल्यात येतं. सहाजणांचे ६०९० युरो, फक्त परतीच्या फेरीवर. साध्या विमानातल्या इकॉनॉमीवाल्याला युरोपात हाच टॅक्स ७ युरो ४० सेंट आहे. ब्रोकरच्या कोटेशनमध्ये तो धरलाय का विचारा, बरेचदा खाली बारीक अक्षरात "कर वेगळे" असतं.

किनाऱ्यावरची :

बघितलं. बारीक अक्षरातच होतं.

चकली :

माझा प्रश्न साधा आहे, आजींबरोबर घरचं तूप, पेढे वगैरे नेता येतं का? जेटमध्ये कोण बॅग उघडणार?

रनवे०९ :

चकलीताई, नाही नेता येत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, तूप-पेढे-खवा त्यातच आलं. लहान बाळाचं दूध आणि डॉक्टरनं सांगितलेला विशेष आहार याला सूट आहे, तीही मर्यादित. बॅग उघडतात, कस्टम्सवाले बोलावल्यावर खास तुमच्यासाठी आलेले असतात, समोर दुसरं विमान नसतं, मग तुमचंच बघणार. लोणचं, मेतकूट, कोरड्या चटण्या चालतात. १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर लिहून द्यावी लागते.

विमानातल्या जेवणाचंही आहे. बाहेरून आलेल्या विमानातलं उरलेलं जेवण तिथं साध्या कचऱ्यात टाकता येत नाही, प्राण्यांचे रोग पसरू नयेत म्हणून त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. छोट्या ठिकाणी ती सोय आहे का हे हँडलरला विचारावं लागतं, नसेल तर क्रू ते विमानातच ठेवतो.

वऱ्हाडी_ठेचा :

फाल्कनचा विषय निघाला म्हणून सांगतो. नागपूरला मिहानमध्ये दसॉ, म्हणजे फाल्कन बनवणारी फ्रेंच कंपनी, आणि रिलायन्सचा कारखाना आहे, फाल्कन २००० चा पुढचा भाग तिथं बनते. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये जाहीर झालं की फाल्कन २००० एलएक्सएस हे अख्खं विमान नागपुरात जोडणार, फ्रान्सच्या बाहेर पहिल्यांदाच, आणि पहिलं विमान २०२८ पर्यंत. माझ्या गावचे पोरं तिथं रिव्हेट मारून राहिलेत. तुमच्या आजी ज्या विमानात बसतील त्याच्या नाकावर वऱ्हाडातल्या पोराचा हात फिरलेला असू शकते, मला तर याचा लय अभिमान वाटते.

कॅप्टनकाका :

वाटायलाच हवा. कॉकपिटचा भाग म्हणजे हलकं काम नाही.

किनाऱ्यावरची, एक शेवटचं. प्लॅन बी कागदावर लिहून ठेवा आणि सगळ्यांना द्या. शाँबेरी बंद झालं तर कुठं, लिऑन-ब्राँ की ग्रेनोबल, तिथं बॉर्डर पोलीस त्या वेळेला आहेत का, गाडी कोण आणि किती वेळात पाठवणार. पायलटकडे पर्यायी एअरपोर्ट नेहमीच असतो, पण तो विमानासाठी असतो. खाली उतरल्यावर आजींचं काय हे तुम्ही ठरवायचं. आणि उशीर करून रात्रीवर ढकलू देऊ नका. फ्रान्समध्ये बऱ्याच छोट्या एअरपोर्टवर टॉवरची वेळ संपली की रेडिओवर पायलटनी आपसात बोलायचं, तेही फ्रेंचमध्येच असा नियम असतो.

किनाऱ्यावरची :

सगळे परत आलेत, म्हणून लिहायला बसले.

जाताना बुधवार होता, हवा स्वच्छ, तलावावरून उतरले आणि आजींनी मला व्हॉइस नोट पाठवली की पाणी इतकं जवळ दिसत होतं. इमिग्रेशनला एक महिला अधिकारी होत्या, त्यांनी स्वतः आजींसाठी खुर्ची आणून दिली. मुलीचा व्हिसा वेळेत आला होता, तिनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला.

परतीच्या दिवशी ग्रेनोबलकरीण म्हणाल्या होत्या तसंच झालं. वर कडक ऊन, मुलं म्हणतायत आज किती छान दिवस आहे, आणि हँडलरचा सकाळी मेल की शाँबेरी दरीत ढग खाली, सकाळची दोन विमानं दुसरीकडे गेली. विमान लिऑन-ब्राँलाच उभं होतं, त्याला शाँबेरीला यायची गरजच ठेवली नाही, गाडी सरळ लिऑनकडे वळवली. तिथल्या बॉर्डर पोलिसांना आदल्या दिवशीच कळवून ठेवलं होतं. अडीच तास गाडी, मध्ये एकदा थांबून आजींनी पाय मोकळे केले, बस्स.

लिऑनला पंखांवर बर्फाचा पातळ थर होता म्हणून आधी गरम नारिंगी द्रव मारला आणि मग वर जाड हिरवा. मुलांनी व्हिडिओ केलाय, दोन माणसं क्रेनच्या टोपलीत उभी, वाफा येतायत आणि पंखावरून हिरवी साय हळूहळू ओघळतेय. त्याचं बिल वेगळं आलं आणि ते रास्त होतं, ती माणसं थंडीत उभी होती. भाऊ-वहिनी त्याच दिवशी एमिरेट्सनं आले, त्यांचंही सगळं नीट झालं आणि मॅडमनी स्वतःहून विचारलं की पुढच्या वर्षी आजींना व्हीलचेअर सांगून तसंच आणता येईल का. हिरवीगार_वाट, हे खास तुमच्यासाठी लिहिलं.

हिरवीगार_वाट :

वाचून फार बरं वाटलं. एमिरेट्स उतरते त्या लिऑनच्या मोठ्या विमानतळाला वेगवान रेल्वेचं स्टेशन जोडलेलंच आहे, मुतिएपर्यंत कुठली गाडी कधी जाते ते पुढच्या वर्षीच्या तारखा कळल्या की मी शोधून देते.

रॉकेलची_बत्ती :

धागा उशिरा सापडला. माझ्या एका क्लायंटला जूनमध्ये फ्रान्समधल्या बर्जराकजवळच्या एका जुन्या वाड्यात लग्न करायचंय, मुंबईहून थेट जेट. तिथल्या एअरपोर्टचा रनवे २२०५ मीटर आहे म्हणे. हे सगळे नियम तिथंही लागू का?

रनवे०९ :

सगळे. मुंबई ते बर्जराक सरळ रेषेत ७१५० किलोमीटर, प्रत्यक्ष मार्ग त्याहून लांब, म्हणून जेट लांब पल्ल्याचं लागेल आणि परतीला टाक्या भरून उन्हाळ्याच्या दुपारी २२०५ मीटरमधून उठायचं का, की बोर्दोला जाऊन इंधन भरायचं, हे ऑपरेटरकडून वजनाच्या आकड्यांसकट लेखी घ्या. बॉर्डर पोलिसांची वेळ, फायर कॅटेगरी, पार्किंग, टीसीओ, आणि लग्नाच्या मिठाईतलं दूध. तारीख आणि माणसं किती ते टाका, पुढचं बघू.